शिकारी समुदायाचे मेळावे आणि रानमेंढ्यांच्या संवर्धनाचे अर्थकारण : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा

उत्तर अमेरिकेतील रानमेंढ्यांच्या संवर्धनासाठी लागणाऱ्या निधीचा मोठा भाग शिकारी समुदायाच्या वार्षिक मेळाव्यांतून, स्नेहभोजनांतून व शिकार परवान्यांच्या लिलावांतून उभा राहतो. ज्या प्राण्याचे रक्षण करावयाचे त्याच्याच एका नराच्या शिकारीचा हक्क विकून हा पैसा उभारला जातो, त्यामुळे ही पद्धत वादग्रस्तही ठरली आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा इतिहास, तिची कार्यप्रणाली, तिचे फलित व तिच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. लिलावात मिळालेल्या रकमेचा आकडा कितीही मोठा असला, तरी तो पैसा कोणत्या कायद्याने बांधलेला आहे आणि रानमेंढ्यांशेजारी राहणाऱ्या माणसांपर्यंत तो पोहोचतो की नाही, यावरच संवर्धनाचे यशापयश अवलंबून असते, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : रानमेंढी, बिगहॉर्न, शिकार परवाना, लिलाव, संवर्धन निधी, लोकसहभाग

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात मेंढी म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो माळरानावरचा धनगरांचा वाडा आणि चराईसाठी कोसच्या कोस चालणारा पाळीव कळप. मेंढीचे रानटी भाईबंदही जगात आहेत, ते उंच व दुर्गम पर्वतांत राहतात आणि त्यांच्या काही जाती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरून परत आलेल्या आहेत, ही बाब मराठी वाचकास सहसा परिचित नसते. महाराष्ट्रात रानमेंढी आढळत नाही. भारतात ती हिमालयापलीकडे, प्रामुख्याने लडाखच्या शीत वाळवंटात आढळते.

रानमेंढ्यांच्या दोन जाती उत्तर अमेरिकेत आहेत. पहिली बिगहॉर्न, म्हणजे थोरल्या शिंगांची मेंढी. तिचे रॉकी पर्वतातील व वाळवंटातील असे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. दुसरी जात डॉल मेंढीची असून तिचे पांढरा डॉल व गडद रंगाचा स्टोन असे प्रकार आहेत. हे चारही प्रकार मिळविणाऱ्या शिकाऱ्याने ‘ग्रँड स्लॅम’ साधला असे तेथील शिकारी समुदायात म्हटले जाते. हा शब्दप्रयोग १९४० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला. प्रौढ नराची मागे वळून गालापर्यंत आलेली वेटोळी शिंगे हे या शिकारीचे मुख्य आकर्षण होय. याच आकर्षणाचे रूपांतर संवर्धनाच्या निधीत कसे झाले आणि त्यातून नेमके काय साधले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) रानमेंढ्यांच्या ऱ्हासाची कारणे व पुनरुज्जीवनाची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) शिकारी समुदायाच्या मेळाव्यांतून निधी कसा उभा राहतो याची कार्यप्रणाली समजावून घेणे.
३) या पद्धतीवरील आक्षेपांचा व तिच्या मर्यादांचा परामर्श घेणे.
४) भारतीय संदर्भात या अनुभवातून काय घेता येईल याचा विचार करणे.

३. अभ्यास पद्धती

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने लिहिला असून त्यासाठी दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. वन्यजीवविषयक कायदे, प्रकाशित शास्त्रीय निष्कर्ष व संवर्धन संस्थांच्या कार्याची उपलब्ध माहिती यांचा त्यात समावेश होतो.

४. ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिम भागात बिगहॉर्न मेंढ्या विपुल होत्या. त्यांच्या तत्कालीन संख्येविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जुना अंदाज पंधरा ते वीस लाखांचा होता, तर अलीकडील अभ्यासकांना तो अतिशयोक्त वाटतो. ऱ्हासाविषयी मात्र दुमत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास ही संख्या सुमारे २५ हजारांवर आली होती.

ऱ्हासाची कारणे तीन. खाणकामगार व वसाहतवाले यांना मांस पुरविण्यासाठी झालेली बेसुमार शिकार हे पहिले कारण. पाळीव जनावरांच्या प्रचंड कळपांनी कुरणे ओरबाडून टाकली, हे दुसरे. तिसरे व सर्वांत चिवट कारण म्हणजे पाळीव मेंढ्यांकडून आलेले आजार. युरोपातून आणलेल्या पाळीव मेंढ्या ज्या जंतूंसह सहज जगतात, ते जंतू रानमेंढीच्या फुप्फुसात शिरले की संपूर्ण कळप न्यूमोनियाने बसतो. शिकारीवर बंदी घालता येते, कुरणालाही विश्रांती देता येते. आजाराला मात्र कायद्याने अटकाव करता येत नाही, हे पुढील विवेचनात वारंवार प्रत्ययास येईल.

संवर्धनाच्या लोकचळवळीचे एक आरंभीचे उदाहरण ॲरिझोना राज्यातील आहे. १९३६ मध्ये फ्रेडरिक रसेल बर्नहॅम यांच्या पुढाकाराने तेथील बालवीरांनी वाळवंटी बिगहॉर्न वाचविण्याची मोहीम हाती घेतली. शाळाशाळांतून हजारो मुले तीत सामील झाली. त्या लोकमताच्या रेट्यातून जानेवारी १९३९ मध्ये कोफा व कबेसा प्रिएटा ही दोन आश्रयस्थाने घोषित झाली. त्यांचे एकत्रित क्षेत्र १५ लाख एकरांहून अधिक होते. येथे कोणताही लिलाव झाला नव्हता. भूमी राखण्याचे काम लोकमताने होऊ शकते, हे या मोहिमेने दाखविले. परंतु राखलेल्या भूमीवर वर्षानुवर्षे पाणी पुरविणे, मेंढ्यांची गणना करणे, त्या नव्या डोंगरांत नेऊन सोडणे या कामांसाठी नियमित पैसा लागतो. लोकमताचा उत्साह ओसरल्यानंतर तो कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर पुढे शिकाऱ्यांच्या संघटनांनी दिले.

५. शिकारी संघटनांचा उदय

१९६० च्या दशकात नेवाडा, कॅलिफोर्निया व ॲरिझोना या राज्यांत वाळवंटी बिगहॉर्नसाठी काम करणाऱ्या स्थानिक संघटना स्थापन झाल्या. सभासद प्रामुख्याने शिकारी होते, पण त्यांचे काम श्रमदानाचे होते. सुटीच्या दिवशी सिमेंट, पत्रे व नळ डोंगरावर चढवून त्यांनी कृत्रिम पाणवठे बांधले. पावसाचे पाणी उतरत्या पत्र्यावरून टाकीत साठवावयाचे व ते उन्हाळ्यात मेंढ्यांना मिळावे अशी ही साधी रचना होती. या कामांचा खर्च वार्षिक स्नेहभोजन व सोडती यांतून भागविला जाई.

१९७७ मध्ये ‘फाउंडेशन फॉर नॉर्थ अमेरिकन वाइल्ड शीप’ ही खंडव्यापी संस्था विधिवत स्थापन झाली. २००८ मध्ये तिने ‘वाइल्ड शीप फाउंडेशन’ असे नाव धारण केले. माँटाना राज्यातील बोझमन येथे तिचे मुख्यालय असून अनेक राज्यांत व प्रांतांत तिच्या शाखा आणि संलग्न संस्था आहेत. जानेवारी महिन्यात नेवाडा राज्यातील रीनो शहरात भरणारा तिचा वार्षिक मेळावा ‘शीप शो’ या नावाने ओळखला जातो.

६. मेळाव्याची कार्यप्रणाली

या मेळाव्याचे बाह्य स्वरूप एखाद्या व्यापारी प्रदर्शनासारखे असते. शिकार मार्गदर्शन करणारे व्यावसायिक, बंदुका, दुर्बिणी, तंबू व डोंगरी पादत्राणे विकणाऱ्या कंपन्या आपापले गाळे मांडतात. त्याबरोबरच वन्यजीव खात्याचे अधिकारी व पशुवैद्यक यांची चर्चासत्रे होतात. सायंकाळी भोजन व त्यानंतर लिलाव असा क्रम असतो.

निधी चार मार्गांनी जमतो. पहिला मार्ग गाळेभाडे, प्रवेशशुल्क व आजीव सभासदत्व यांचा. दुसरा देणगीदाखल मिळालेल्या वस्तू व सहली यांच्या लिलावाचा. मार्गदर्शक व्यावसायिक एखादी शिकार सहल संस्थेस दान करतात आणि संस्था ती लिलावात विकते. व्यावसायिकाला प्रसिद्धी मिळते, संस्थेला रक्कम मिळते. तिसरा मार्ग सोडतीचा. ज्या सभासदाने आयुष्यात एकही मेंढा मारलेला नाही अशांसाठी ‘लेस दॅन वन क्लब’ नावाचा वेगळा गट आहे. त्याच्या सोडतीच्या रात्री सामान्य उत्पन्नाचे शिकारी मोठ्या संख्येने जमतात व एखाद्याच्या नशिबी मेंढ्याची शिकार येते. चौथा व सर्वांत मोठा मार्ग म्हणजे राज्यांनी दिलेल्या विशेष परवान्यांचा लिलाव.

विशेष परवान्याचे मोल समजण्यासाठी सर्वसाधारण परवान्याची स्थिती लक्षात घ्यावी लागते. बिगहॉर्नच्या शिकारीचे परवाने वन्यजीव खाते अत्यंत मोजके काढते व ते सोडतीने वाटते. शुल्क माफक असले तरी अर्जदार हजारोंच्या संख्येने असतात. अनेक शिकारी दरवर्षी अर्ज करतात व उभ्या आयुष्यात त्यांचे नाव निघत नाही. या दुर्मीळतेतच विशेष परवान्याची किंमत दडलेली आहे. राज्य एखादा परवाना सोडतीतून बाजूला काढते आणि तो लिलावासाठी संघटनेकडे सोपविते. त्याच्या धारकास सहसा अधिक क्षेत्रांत व अधिक काळ शिकारीची मुभा मिळते.

या परवान्यांना मिळालेल्या बोली थक्क करणाऱ्या आहेत. २०१३ मध्ये माँटानाच्या एका बिगहॉर्न परवान्यास ४ लाख ८० हजार डॉलर मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये न्यू मेक्सिको राज्याचा परवाना १३ लाख डॉलरला गेला. एका मेंढ्यासाठी एवढी रक्कम मोजणारा मनुष्य विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. परंतु बोली लावणारे अनेकदा शिकारीच्या हक्काइतकेच संवर्धनास देणगी दिल्याच्या प्रतिष्ठेसाठीही पैसे मोजतात. समुदायासमोर, आपल्याच मित्रमंडळींच्या टाळ्यांत बोली चढत जाते. मेळावा हा या अर्थकारणाचा प्राण आहे तो यासाठी. बंद लिफाफ्यातील निविदेला एवढी किंमत मिळण्याची शक्यता कमीच.

७. पैशाला कायद्याचे कुंपण

लिलावाच्या आकड्यांची चर्चा पुष्कळ होते, पण पैसा पुढे कोठे जातो याची चर्चा त्या मानाने अल्प होते. वस्तुतः या व्यवस्थेचे बळ तेथेच आहे.

माँटाना राज्याच्या कायद्यानुसार लिलाव करणाऱ्या संस्थेला मिळालेल्या रकमेतून जास्तीत जास्त १० टक्के स्वतःकडे ठेवता येतात. उर्वरित रक्कम राज्याकडे जमा होते व ती रानमेंढ्यांच्या हितासाठीच खर्च करावी लागते. रस्ते, इमारती किंवा इतर खात्यांकडे ती वळविता येत नाही.

याला संघीय कायद्याची जोड मिळते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसे यांवर ११ टक्के आणि पिस्तुलांवर १० टक्के उत्पादन शुल्क आकारले जाते. ही रक्कम राज्यांना वन्यजीव कार्यासाठी वाटली जाते. सर्वसाधारणपणे राज्याने खर्चाचा एक हिस्सा उचलला तर तीन हिस्से संघीय निधीतून मिळतात. राज्याने शिकार परवान्यांचे उत्पन्न वन्यजीव खात्याबाहेर वळविता कामा नये, अशी अटही या कायद्यात आहे.

उदाहरणादाखल ४ लाख ८० हजार डॉलरच्या बोलीचा हिशेब पाहता येईल. संस्थेने कमाल १० टक्के, म्हणजे ४८ हजार डॉलर ठेवले, तर राज्याकडे ४ लाख ३२ हजार डॉलर येतात. ही रक्कम राज्याचा हिस्सा म्हणून दाखविता आली तर तिच्या तिप्पट, म्हणजे १२ लाख ९६ हजार डॉलर संघीय निधीतून मिळू शकतात आणि एकूण १७ लाख २८ हजार डॉलरचे काम उभे राहू शकते. प्रत्यक्षात राज्याच्या वाट्याला आलेल्या संघीय रकमेची मर्यादा असते, त्यामुळे दर वेळी हे गणित पूर्ण उतरेलच असे नाही. तथापि एका बोलीचे बळ कसे वाढते हे त्यातून स्पष्ट होते.

या पैशातून मेंढ्यांचे स्थलांतरण केले जाते. हेलिकॉप्टरमधून जाळे टाकून मेंढ्या पकडतात, डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांची रक्ततपासणी करतात, रेडिओ पट्टा बांधतात व जेथून मेंढ्या नाहीशा झाल्या होत्या अशा डोंगरांत त्यांना सोडतात. गणना, आजारांवरील संशोधन व चराई क्षेत्रांचे करार यांवरही खर्च होतो. आज उत्तर अमेरिकेत बिगहॉर्नची संख्या सुमारे ८५ हजार असल्याचे सांगितले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यातील संख्येच्या तुलनेत ही वाढ तिपटीहून अधिक आहे. तिचे सर्व श्रेय लिलावांना देता येणार नाही, कारण शिकारीवरील निर्बंध, सरकारी आश्रयस्थाने व वन्यजीव खात्यांचे परिश्रम यांचाही त्यात मोठा वाटा आहे. मात्र स्थलांतरणासारखी खर्चिक कामे या निधीवाचून एवढ्या प्रमाणात झाली नसती.

८. पैशाची मर्यादा : न्यूमोनियाचा प्रश्न

वायोमिंग राज्यातील डुबॉइस गावाजवळील व्हिस्की पर्वताचा कळप एके काळी अमेरिकेतील सर्वांत मोठ्या बिगहॉर्न कळपांपैकी होता. १९४९ ते १९९५ या काळात तेथून सुमारे १,९०० मेंढ्या पकडून इतरत्र नेल्या गेल्या. अनेक राज्यांतील कळपांचे मूळ या डोंगरात आहे. १९९०-९१ च्या हिवाळ्यात या कळपात न्यूमोनियाची साथ आली. मोठ्या मेंढ्या मेल्या त्या मेल्याच, पण त्यानंतर वर्षानुवर्षे जन्मलेली कोकरेही उन्हाळा संपण्यापूर्वी दगावत राहिली. ज्या कळपाने इतरांचे डोंगर वसविले, तो स्वतः पूर्वस्थितीला आला नाही.

१९९५-९६ च्या हिवाळ्यात आयडाहो, ओरेगॉन व वॉशिंग्टन यांच्या सीमेवरील हेल्स कॅन्यनमध्ये अशाच साथीने तीनशेहून अधिक मेंढ्या मेल्या. ज्या खोऱ्यात स्थलांतरणावर मोठा खर्च झाला होता तेथेच हे घडले. एक हिवाळा अनेक वर्षांचे काम पुसून टाकू शकतो, हा धडा संघटनांना त्यातून मिळाला.

पुढील संशोधनात या साथींमागे ‘मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी’ हा जीवाणू प्रमुख असल्याचे निष्पन्न झाले. पाळीव मेंढ्या व शेळ्या तो बाळगून असतात. परिणामकारक लस उपलब्ध नसल्याने दोनच उपाय उरतात. पहिला उपाय कळपातील कायम संसर्गवाहक मेंढ्या तपासणीने हुडकून त्या काढून टाकण्याचा. हेल्स कॅन्यन व दक्षिण डकोटातील कस्टर स्टेट पार्क येथे तो केल्यावर कोकरे जगण्याचे प्रमाण सुधारल्याचे दिसून आले. दुसरा उपाय पाळीव व रानटी मेंढ्यांना परस्परांपासून दूर ठेवण्याचा.

दुसरा उपाय सांगण्यास सोपा, करण्यास कठीण आहे, कारण त्यात मेंढपाळाच्या उपजीविकेचा प्रश्न येतो. सरकारी वनभूमीवर पिढ्यान्‌पिढ्या चराई करणाऱ्या कुटुंबास तुझे कळप येथून हलव असे सांगणे म्हणजे त्याच्या चुलीवर घाला घालणे होय. २०१० मध्ये आयडाहोतील पेएट राष्ट्रीय वनाच्या प्रशासनाने पाळीव मेंढ्यांचे चराई क्षेत्र सुमारे ७० टक्क्यांनी घटविण्याचा निर्णय घेतला. मेंढपाळांच्या संघटना न्यायालयात गेल्या, परंतु २०१६ मध्ये अपील न्यायालयातही तो निर्णय कायम राहिला. याउलट काही ठिकाणी संवर्धन संस्थांनी मेंढपाळांशी वाटाघाटी केल्या, मोबदला दिला व त्यांनी राजीखुशीने चराईचा हक्क सोडला. मेळाव्यात जमलेल्या पैशाचा हा विनियोग प्रसिद्धीच्या झोतात येत नाही. डोंगरात नवा कळप सोडतानाचे छायाचित्र काढता येते, न आलेल्या साथीचे काढता येत नाही. तरीही दीर्घकालीन विचार करता हाच विनियोग अधिक मोलाचा ठरण्याचा संभव आहे.

९. आक्षेप व त्यांचे परीक्षण

पहिला आक्षेप समतेचा आहे. वन्यजीव ही सर्व जनतेची ठेव आहे व शिकारीचा हक्क पैशाच्या बळावर वाटला जाऊ नये, हे उत्तर अमेरिकी वन्यजीव धोरणाचे पायाभूत तत्त्व मानले जाते. लिलाव त्या तत्त्वास छेद देतो. समर्थकांचे उत्तर असे की, विशेष परवाने अत्यल्प असतात व त्यांच्या उत्पन्नातून कळप वाढल्यास सोडतीचे सामान्य परवानेही वाढतात. हा युक्तिवाद विशेष परवान्यांची संख्या मोजकी राहते तोपर्यंतच टिकतो. संख्या वाढविण्याचा मोह राज्यांना होणे स्वाभाविक आहे आणि तेथे नियमांची दक्षता हवी.

दुसरा आक्षेप जनुकीय आहे. कॅनडातील आल्बर्टा प्रांतातील राम माउंटन येथील तीस वर्षांच्या नोंदींवर आधारित संशोधन २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मोठ्या शिंगांचे नर सतत मारले गेल्याने पुढील पिढ्यांत शिंगांचा आकार व शरीराचे वजन घटल्याचे त्यात दिसून आले. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. राम माउंटनवर शिंगे ठरावीक मापाची झाली की त्या नराची शिकार कायदेशीर होती आणि परवान्यांच्या संख्येवर कठोर मर्यादा नव्हती. त्यामुळे झपाट्याने शिंगे वाढणारे नर प्रजननाच्या ऐन वयात येण्यापूर्वीच मारले जात. लिलावातील एका परवान्याने, तेही बहुधा उतारवयाचा नर मारला गेल्यास, असा परिणाम संभवत नाही. अर्थात दोष संख्येचा व नियमांचा आहे. मात्र तो आक्षेप मुळातच निराधार ठरत नाही.

तिसरा धोका बाजारपेठेचा आहे. मोठ्या शिंगांना अफाट किंमत येऊ लागली की गैरमार्गही निघतात. मध्य आशियातील मार्को पोलो मेंढ्याच्या अवैधरीत्या आणलेल्या अवयवांपासून क्लोन बनवून, त्याचा इतर मेंढ्यांशी संकर करून शिकार-बंदिवाड्यांना विकण्याचा उद्योग माँटानातील एका पशुपालकाने केला. २०२४ मध्ये त्याला संघीय न्यायालयाने कारावासाची शिक्षा दिली. असे संकरित प्राणी निसटून रानात गेले तर मूळ कळपांना आजाराचा व संकराचा धोका संभवतो. शिंगांच्या प्रतिष्ठेवर उभारलेल्या अर्थकारणाची ही काळी बाजू नजरेआड करता येत नाही.

चौथा आक्षेप नैतिक आहे. प्राणी वाचविण्यासाठी प्राणी मारणे अनेकांना मुळातच अमान्य आहे. आकडेवारीने त्याचे निराकरण होत नाही आणि तसा प्रयत्न करणेही योग्य नव्हे. कळपाचे कल्याण आणि एका प्राण्याचे जीवित यांत श्रेष्ठ काय, हा मूल्यांचा प्रश्न आहे.

१०. स्थानिक समाजाचा वाटा : दोन उदाहरणे

मेक्सिकोच्या सोनोरा किनाऱ्यालगत टिबुरोन नावाचे बेट आहे. १९७५ मध्ये तेथे २० वाळवंटी बिगहॉर्न सोडण्यात आल्या व त्यांची संख्या दोन दशकांत शेकड्यांवर गेली. हे बेट सेरी या आदिवासी समाजाचे आहे. १९९० च्या दशकात तेथील मोजक्या परवान्यांचा लिलाव अमेरिकेतील मेळाव्यांत होऊ लागला. त्या उत्पन्नाचा वाटा सेरी समाजास मिळाला आणि बेटावरील मेंढ्या मुख्य भूमीवरील डोंगरांत नेऊन सोडण्याच्या कामासही पाठबळ मिळाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या बेटावरील गुहेत बिगहॉर्नची सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची विष्ठा सापडल्याचे नमूद आहे. परकी समजून सोडलेली मेंढी तेथली मूळ रहिवासी होती, असे त्यामुळे म्हणता येते.

दुसरे उदाहरण पाकिस्तानातील बलुचिस्तानच्या तोरघर डोंगररांगेचे आहे. १९८० च्या दशकात अफगाण संघर्षामुळे त्या भागात स्वयंचलित बंदुकांचा सुळसुळाट झाला व मारखोर हा रानबोकड आणि उरियल ही रानमेंढी दोन्ही दिसेनाशी होऊ लागली. जोगेझई घराण्याच्या पुढाकाराने स्थानिक शिकाऱ्यांनाच वन्यजीवरक्षक म्हणून नेमण्यात आले. परदेशी शिकाऱ्यांना दिलेल्या अत्यल्प परवान्यांच्या शुल्कातून त्यांचे वेतन भागविले गेले. १९९४ च्या पाहणीत तेथे ६९५ मारखोर व १,१७३ उरियल असल्याचा अंदाज मांडण्यात आला. पुढे पाकिस्तानात अशा परवान्यांच्या शुल्काचा ८० टक्के वाटा स्थानिक समाजास व २० टक्के शासनास देण्याची प्रथा रूढ झाली.

माँटानात पैशाला कायद्याचे कुंपण होते. टिबुरोन व तोरघर येथे पैसा त्या डोंगरांत राहणाऱ्या माणसांच्या हाती गेला. जिवंत मेंढी मेलेल्या मेंढीपेक्षा अधिक मोलाची आहे, हे गावाला पटले की राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.

११. भारतीय संदर्भ

शिकाऱ्यांनी वन्यजीव राखण्याची कल्पना भारतास अगदीच अपरिचित नाही. १८७७ मध्ये निलगिरी पर्वतात शिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली व १८७९ मध्ये त्या प्रदेशासाठी शिकार आणि मासेमारीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या प्रारंभीच्या सभासदांतही शिकारीचा छंद असलेले अनेक होते. तथापि त्या शिकारीवर वसाहतवादी अधिकाऱ्यांची व संस्थानिकांची मक्तेदारी होती आणि डोंगरातील रहिवाशांस तीतून वगळलेले होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारताने वेगळा मार्ग पत्करला. लडाखमधील शापू, म्हणजे उरियल, आणि न्यान, म्हणजे तिबेटी आर्गली, या रानमेंढ्यांना कायद्याचे कठोर संरक्षण आहे. तेथे परवान्यांच्या लिलावाचा प्रश्नच उद्भवत नाही. पाळीव कळपांशी संघर्षाचा प्रश्न मात्र तेथेही आहे. पाळीव जनावरांचे कळप कुरणात आले की न्यान उभ्या चढणीच्या व कमी चाऱ्याच्या जागी सरकतात, असे लडाखमधील अभ्यासात आढळून आले आहे. कायद्याने बंदूक थांबविता येते, कुरणाची वाटणी करता येत नाही.

या वाटणीसाठी स्थानिकांना उत्पन्नाचा पर्याय लागतो. लडाखमध्ये २००२ च्या सुमारास हिमबिबट्या पाहण्यास येणाऱ्या पर्यटकांसाठी गावांतील घरांत निवासाची सोय सुरू झाली व यजमान कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, त्यातून उत्पन्न मिळू लागले. हिमबिबट्या टिकावयाचा तर त्याचे भक्ष्य असलेली रानमेंढी व भरल टिकले पाहिजेत, हे तेथे वेगळे सांगावे लागत नाही. साधन भिन्न असले तरी तत्त्व तोरघरचेच आहे.

१२. निष्कर्ष

१) शिकारी समुदायाचे मेळावे हे उत्तर अमेरिकेत रानमेंढ्यांच्या संवर्धनाचे प्रभावी आर्थिक साधन ठरले आहेत. दुर्मीळता, सामाजिक प्रतिष्ठा व समुदायभावना यांच्या मिलाफातून ही रक्कम उभी राहते.
२) या रकमेस परिणामकारकता येते ती निधी राखून ठेवणाऱ्या कायद्यामुळे. असा कायदा नसलेल्या ठिकाणी केवळ लिलावाचे अनुकरण केल्यास मेंढ्या जातील व पैसाही जाईल.
३) स्थलांतरणासारखी कामे पैशाने होतात. आजाराचा प्रश्न मात्र मेंढपाळाशी तडजोड केल्यावाचून सुटत नाही.
४) विशेष परवान्यांची संख्या मोजकी ठेवणे समता व जनुकीय आरोग्य या दोन्ही दृष्टींनी अनिवार्य आहे.
५) भारतात शिकारीचा मार्ग कायद्याने बंद आहे. त्यामुळे स्थानिक समाजास निश्चित वाटा आणि राखीव निधी ही दोन तत्त्वे पर्यटनासारख्या अन्य साधनांद्वारे अंगीकारता येतील.

रीनोच्या सभागृहात बोली संपते तेव्हा मेंढीच्या भवितव्याचा निर्णय झालेला नसतो. तो पुढे डोंगरात होतो. पाळीव कळप कोणत्या वाटेने चरावयास जातो, पाणवठ्याची टाकी उन्हाळ्यात भरलेली असते की नाही आणि शेजारच्या गावाला मेंढीच्या जगण्यात स्वतःचे हित दिसते की नाही, यांवर तो अवलंबून असतो. मेळाव्यात जमलेला पैसा या तीन ठिकाणी पोहोचला, तरच एका मेंढ्याच्या मोबदल्यात कळप वाचला असे म्हणता येईल.